रिपोर्टाआधीची उपकारस्तुती

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी दवाखान्यातून बरं होऊन आलं, की घरी उपकारस्तुतीची सभा होते. गाणी, देवानं काय केलं याची साक्ष, प्रार्थना आणि शेवटी मटण, ज्यासाठी अर्धी मंडळी वेळेवर येते. मी मात्र ही सभा रिपोर्ट यायच्या आधीच जाहीर करून बसलो. माझ्या बायकोच्या, संयोगिताच्या, स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. रिपोर्ट शनिवारी मिळणार होता. मी रविवारच्या उपासनेत उभा राहिलो आणि रिपोर्ट चांगलाच येणार, शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी आमच्या घरी या, असं ठणकावून सांगितलं. मंडळी आमेन म्हणाली. पाळकसाहेब तेवढे गप्प राहिले. त्यांचा विश्वास जरा कमीच, असं मी मनात म्हटलं.

खरं म्हणजे मी भ्यालो होतो. पण मी मंडळीचा वडील, म्हणजे पाळकांच्या खालोखाल मान असलेला पंच, आणि वडिलांनी भ्यायचं नसतं, निदान दिसू द्यायचं नसतं. त्यात माझी हयात एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली. राधानगरी गाडी कुठल्या फलाटाला लावायची ते मी सांगायचं आणि ड्रायव्हरनं ऐकायचं. निवृत्त झाल्यावर ऐकणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मी देवाला सांगायला लागलो. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना वॉर्ड, खाट, डॉक्टरचं नाव, सगळं सांगायचो, जसा काही त्याला पत्ता सापडला नसता. जाताना घरच्यांना बजावायचो, प्रभूवर सोपवा. दुसऱ्याचं दुखणं सोपवायला माझं काय जात होतं?

शनिवारी दुपारी रिपोर्ट हातात आला. गाठ कॅन्सरची निघाली. डॉक्टर ऑपरेशनचं, पुढच्या औषधांचं समजावत होते आणि मी, सांगायला लाज वाटते, मटणाचा विचार करत होतो. इलाही खाटकानं ते सकाळीच घरी पोचवलं होतं. माझी बहीण, आक्का, उचगावहून येऊन मसाला वाटत बसली होती. देवानं चारचौघांत माझं नाक कापलं, असं वाटून मला राग आला. कॅन्सर बायकोला आणि नाक माझं!

रिक्षात बसल्याबरोबर मी फोन काढला. सभा रद्द करतो, तुला ताप आलाय म्हणून सांगतो, असं म्हणालो. संयोगितानं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"सभा रिपोर्टाची ठेवलीया, का देवाची?"

आता उपकार कसले मानायचे, असं मी चिडून विचारलं. तिनं फोन पिशवीत टाकला. तिचे डोळे भरले होते.

"मला भ्या वाटतंय. घरात एकटं बसून रडण्यापरीस माणसं आलेली बरी. आणि देव काय आज बदललाय व्हय?"

संध्याकाळी घर भरलं. साक्ष द्यायला मी उभा राहिलो आणि रिपोर्ट वाईट आलाय, एवढंच बोलून खाली बसलो. कुणी उपदेश केला नाही. बहुतेक तो करणारा मीच असायचो म्हणून असेल. पाळकसाहेब माझ्याशेजारी येऊन जमिनीवर बसले आणि त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी सूर धरला.

ही प्रार्थना मी झोपेतही म्हणू शकतो. पण 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथं आलो आणि थांबलो. त्याची इच्छा तिला नेण्याची असली तर? एवढ्या वर्षांत या वाक्याची भीती मला कधी वाटली नव्हती, कारण ते मी कधी माझ्या माणसाबद्दल म्हटलंच नव्हतं.

मंडळी पुढं गेली. संयोगिता माझ्यासाठी थांबली. तिनं माझा हात धरला, तेवढंच वाक्य हळू म्हटलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्या मागून एकेक शब्द म्हणू लागलो. बाकीचे आमेनला पोचले तेव्हा आम्ही दोघं अजून त्याच ओळीवर होतो.