सत्तावीस नंबर

"सत्तावीस नंबर बंद करायचा म्हणतोय, बाई," साहेब म्हणाले, तेव्हा चिमूटबाईंना आधी वाटलं, साहेब थट्टाच करताहेत. लिपस्टिकच्या त्या कारखान्यात सत्तर रंग निघत, आणि त्यांतला हा विटकरी लाल दुकानात ठेवायचा अवकाश, संपलाच. खपणारी वस्तू कोण बंद करतं?

साहेब माणूस सरळ. त्यांनी फोड करून सांगितलं. नवं यंत्र कागदावरची कृती काटेकोर मोजून घालतं. बाकीचे रंग त्यात तासाभरात हुबेहूब निघतात. सत्तावीस मात्र पाचदा काढला आणि पाचही वेळा भलताच निघाला. त्यात सत्तावीससाठीची लाल पूड पुरवणारा व्यापारी गाशा गुंडाळून बसला. आता दुसऱ्याकडचा लाल घ्यायचा, तर कृती नव्यानं बसवावी लागणार. आणि मुळात जुन्याच कृतीत कुठे खोट आहे, ते कुणाला कळत नव्हतं.

चिमूटबाईंना चांगलं कळत होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी, त्या रंग कालवायला नव्यानं लागल्या असताना, पहिल्याच घाण्याला रंग फिका आला होता. तोंड उघडलं असतं तर तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी अख्खा घाणा फेकून दिला असता, वर बोलणी खावी लागली असती ती वेगळीच. म्हणून त्यांनी गुपचूप चिमूटभर काळा घातला, मनगटावर रेघ ओढून पाहिली, मग जरासा तपकिरी घातला. जमला एकदाचा. पुढे दर घाण्याला तेच. कधी एक चिमूट, कधी तीन, कारण पोत्यागणिक लाल बदलायचा. बायकांनी नावच पाडलं चिमूटबाई, पण चिमूट काही कुणी लिहून ठेवली नाही. कागदावरच्या कृतीनं सत्तावीस नंबर एकदाही झालेला नव्हता.

हे सगळं त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं. मान खाली घालूनच सांगितलं. साहेब चक्क हसायला लागले. म्हणाले, आठ दिवस घ्या आणि नव्या लालावर खरीखुरी कृती लिहा. कारखान्यातली केमिस्ट मुलगी ती वाचून रंग काढेल, तुम्ही हात लावायचा नाही. जुळल्याची सही मात्र तुमचीच. सही झाली तर सत्तावीस राहील.

आठ दिवस बाईंना वेड लागायची पाळी आली. आयुष्यभर जे बोटांनी केलं, ते काट्यावर ठेवायचं. केमिस्ट मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची, गोड पण चिवट. 'मावशी, जरासा म्हणजे किती ग्रॅम?' असं विचारून तिनं त्यांना भंडावून सोडलं. तरी मजा आली, खोटं कशाला बोला. सात पानं भरली.

नवव्या दिवशी मुलीनं रंग काढला. साहेबांनी जुनी आणि नवी कांडी शेजारी ठेवून पाहिली, खिडकीत नेली, परत आणली. त्यांना काही फरक दिसेना. मुलीलाही दिसेना. चिमूटबाईंना दिसला. नवा रंग केसभर गुलाबीकडे झुकत होता.

सही उद्या करते म्हणून त्या निघाल्या. केसभरच तर होता. सही केली की रंग वाचणार होता. त्यांचा जीव होता त्या रंगावर. पुढच्या वर्षी आपण निवृत्त होऊन घरी बसलो तरी कुठेतरी कुणीतरी तो लावत असेल, हे त्यांना फार हवं होतं.

घरी न जाता त्या नणंदेकडे वळल्या. वन्सं वीस वर्षं सत्तावीसच लावत, अगदी दवाखान्यात जायचं असलं तरी. बाईंनी काही न सांगता नवी कांडी त्यांच्या हातात ठेवली. वेष्टन जुनंच होतं. वन्संनी आरशापुढे ओठांवरून फिरवली आणि लगेच रुमालानं पुसून टाकली. पुन्हा लावली, पुन्हा पुसली.

"नंबर तोच आहे की, वन्सं."

"तेच तर. नंबर तोच आहे आणि मीच वेगळी दिसतेय. वयच झालं गं माझं. चेहरा उतरलाय."

चिमूटबाईंच्या मनात आलं, अशा किती बायका आरशापुढे उभ्या राहतील आणि आपल्यालाच नावं ठेवतील! त्यांनी वन्संना खाली बसवलं आणि खरं काय ते सगळं सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "बंदच कर बाई मग. माझ्याकडे दीड कांडी आहे, ती पुरवून लावीन."

दुसऱ्या दिवशी चिमूटबाईंनी साहेबांना सांगितलं, जुळला नाही. साहेबांनी परोपरीनं समजावलं, की हा फरक जगात तुमच्याशिवाय कुणालाच दिसणार नाही.

"दिसणार नाही, साहेब, पण लावणारीला कळेल. आणि ती दोष स्वतःला देईल."

दिलेली मुदत संपलेली होती. साहेबांनी उसासा टाकून रंग बंद करायचा कागद पुढे केला. त्यावर तीन कारणं छापलेली होती: मागणी कमी, माल मिळत नाही, परवडत नाही. एकावर खूण करायची. चिमूटबाईंनी तिन्ही सोडून दिली आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'मागणी भरपूर. आम्हाला जुळवता आला नाही.' त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या रंगाच्या कागदावर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलं गेलं होतं. एरवी त्या कारखान्याच्या कागदांवर नुसती दोन अक्षरं खरडत. आज त्यांनी चष्मा नीट केला आणि सावकाश, वळणदार अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं.