न लिहिलेला ऋणनिर्देश

मानिसालेस शहरातल्या विद्यापीठात ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर नोएमी आर्बेलाएस एकतीस वर्षं नोंदी सांभाळत होती. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि नवं काही शिकायची तिची आता इच्छा नव्हती. नेमकी तेव्हाच ती नवी शोधप्रणाली आली. अनुदान देणाऱ्या संस्थेचं नाव टाकायचं, की तिच्या मदतीने झालेलं सगळं संशोधन समोर यायचं. निदान शिकवायला आलेल्या माणसाने तरी तसंच सांगितलं होतं.

वर पारामोच्या गवताळ, सदा ढगात बुडालेल्या माळावर विद्यापीठाचं एक केंद्र होतं. सेरोअल्तो प्रतिष्ठान ते कित्येक वर्षं आपल्या पैशावर चालवत आलं होतं. प्रतिष्ठानात आता नवी माणसं आली होती. आमच्या नावावर किती लेख आहेत ते दाखवा, मग केंद्राचं बघू, असं त्यांनी कळवलं. नोएमीने नाव टाकलं. अकरा लेख आले.

कारण तिला लगेच कळलं. कोणी संस्थेचं जुनं नाव लिहिलं होतं, कोणी नुसती आद्याक्षरं, कोणी स्पेलिंगच चुकवलं होतं. मग ती रोज सकाळी पानेलाचा, म्हणजे गरम गुळाच्या पाण्याचा, पेला घेऊन बसायची, एकेक लेख उघडायची आणि शेवटी छापलेला ऋणनिर्देश वाचून नोंद प्रतिष्ठानाच्या नावाशी जोडायची. पाच आठवड्यांत डोळ्यांची आग झाली, मान आखडली आणि आकडा एकशे चारवर गेला.

तिथे तो अडला. केंद्राचे पहिले प्रमुख ओविदियो सालाझार यांचे एक्केचाळीस लेख होते, सगळे पारामोवरच्या पाण्यावरचे, आणि एकातही सेरोअल्तोचं नाव नव्हतं. तिने त्यांना बोलावून घेतलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ओविदियो काठी टेकत दोन जिने चढून आले आणि बराच वेळ धापा टाकत बसून राहिले.

"प्रोफे," प्राध्यापकांना तिथे सगळे म्हणत तसं ती म्हणाली, "या लेखांना पैसे कोणी दिले होते?"

"त्यांनीच. दुसरं कोण देणार?"

"मग नाव कुठंय?"

त्यांनी खिडकीकडे पाहत सांगितलं. प्रतिष्ठानाच्या तेव्हाच्या अध्यक्षाने भर बैठकीत त्यांच्या एका सहकाऱ्याला मूर्ख म्हटलं होतं. त्या रागात त्यांनी ठरवलं, की या माणसाच्या संस्थेचं नाव आपल्या हातून कधी लिहिलं जाणार नाही. अध्यक्ष मेला, राग निवला, नाव मात्र राहून गेलं ते राहूनच गेलं.

"तुम्ही जोडून टाका ना, नोएमीबाई. खरंच तर आहे. कोण तपासायला बसलंय?"

नोएमीला मोह झाला. एक्केचाळीस वेळा बटण दाबायचं, की दुपारी घरी.

"छापलेलं नाही ते मी जोडत नाही," ती थकून म्हणाली. "तुम्ही नियतकालिकांना लिहा. नाव राहिलं, शुद्धिपत्र छापा म्हणून."

"एक्केचाळीस पत्रं? आणि कारण काय लिहू, रुसलो होतो म्हणून?"

"राहून गेलं, एवढंच लिहा."

ते काठी टेकत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र खिशात दोन चष्मे घेऊन हजर झाले. तीन आठवडे दोघं एकाच टेबलाशी बसली. ते सांगायचे, ती टंकायची. 'माझ्या हातून राहिलं' हे वाक्य सांगताना पहिल्या दिवशी त्यांचा आवाज अडखळला. पुढे पुढे त्यांनी ते हवामान सांगावं तसं सांगितलं.

चौदा लेखांची नियतकालिकं केव्हाच बंद पडली होती. आठ पत्रांना उत्तर आलं नाही. उरलेल्या एकोणीस लेखांची शुद्धिपत्रं छापून आली. तेवढी नोएमीने जोडली आणि एकशे तेवीस लेखांची यादी पाठवली.

उत्तर दोन ओळींचं होतं. केंद्र आणखी दोन वर्षं चालवू. निर्णय गेल्या पाच वर्षांच्या कामावरून घेतला आहे. त्या पाच वर्षांतले सगळे लेख पहिल्या अकरातच होते.

तिने फोनवर ओविदियोंना तसंच सांगितलं, काही लपवलं नाही. 

"म्हणजे माझी पत्रं कोणी बघितलीच नाहीत."

"नाही, प्रोफे."

"बरं," ते म्हणाले, आणि मग हळूच, "पण ते बावीस राहिलेत. उत्तर न आलेली आठ पत्रं पुन्हा एकदा लिहून बघायची का?"

नोएमीने आखडलेली मान चोळली. "सोमवारी या," ती म्हणाली. "आणि घाई करू नका, जिने सावकाश चढा."