समुद्राकडची केबिन

दिवाळीनंतर आई गेली आणि मंदाकिनीच्या हातांना एकाएकी कामच उरलं नाही. मार्केट यार्डाजवळच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये दहा-अकरा वर्षं ती आईला उठवत होती, बसवत होती, कुशीवर वळवत होती. त्यासाठी बँकेतली नोकरी वेळेआधी सोडली होती. लग्न त्याच्याही आधी राहून गेलं होतं. आता पहाटे जाग यायची, सवयीनं पाय जमिनीला टेकायचे आणि मग लक्षात यायचं की पलीकडची कॉट रिकामी आहे.

फेब्रुवारीत आमोदचा फोन आला. आमोद धाकटा भाऊ, वाघोलीला राहायचा.

"ताई, तू फार थकलीयस. होळी झाली की आपण सगळे समुद्रावर जाऊ. हॉटेल-बिटेल नको, लाकडी केबिन असतात ना झाडांत, तसलं काहीतरी. तूच बघ. तुझ्याइतकं चोख कुणाला जमणार?"

तिच्यासाठी म्हणून आमोदनं काही ठरवल्याचं तिला आठवत नव्हतं. फोन ठेवल्यावर तिनं कॅलेंडरात होळी कधी आहे ते पाहिलं. मग कामाला लागली.

भाची ऋतिकानं मोबाइलवर जागा दाखवल्या. "आत्या, ही बघ, एकदम ऑसम आहे. बीचवर डायरेक्ट एक्झिट!" मंदाकिनीला आवडली ती दापोलीच्या खाली, सुरूच्या बनातली. मालक मुरकर म्हणून होते. तिनं त्यांना इतक्या वेळा फोन केला की ते तिचा आवाज ओळखू लागले.

"मार्चात उकडतं ओ ताई, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी वारा सुटतो. समुद्राकडची केबिन तुम्हाला ठेवतो. व्हरांड्यात बसलात की लाटाच लाटा."

त्या केबिनमध्ये आपण आणि ऋतिका, मागच्या केबिनमध्ये आमोद आणि त्याची बायको पूर्णिमा, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मंडईतून कोकमं आणली. सुती कपडे काढले, डासांचं मलम घेतलं, वाळूत चालायला रबरी चपला घेतल्या. सत्तावन्नाव्या वर्षी चपला घेताना आपल्याला इतकं हसू का येतंय, हे तिचं तिलाच कळेना. आमोदनं मध्येच दोनदा फोन करून विचारलं, "बाथरूमला धरायला दांडी आहे का गं? पायऱ्या किती आहेत?" हा आपल्या गुडघ्यांची काळजी करतोय, असं वाटून तिला भरून आलं. तिनं मुरकरांना विचारलं. त्यांनी दांडी बसवून घेतली.

निघायच्या आदल्या रविवारी ती सामानाचं ठरवायला वाघोलीला गेली. आमोद गाडी धुवायला खाली गेला होता, पूर्णिमा स्वयंपाकघरात होती. दिवाणखान्यात पूर्णिमाची आई, मुक्ताई, खुर्चीत बसल्या होत्या. त्या मूळच्या वाशीमच्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून लेकीकडेच असत.

"ये वं मंदाबाई," मुक्ताईंनी तिचा हात धरला. "मी तं नाहीच म्हणत होती. या पायानं कुठं समुद्र न् फिमुद्र! पण जावई म्हणे, मंदाताई येऊन राहिल्या ना, तुमच्याच खोलीत झोपतील, रातच्याला उठवतील, न्हाणीत नेतील. त्याहिले सारं जमते म्हणे. म्हणून मी हो म्हटलं. देव तुझं भलं करो."

मंदाकिनीनं हात सोडवून घेतला नाही. "हो का," एवढंच म्हणाली. मग उठून स्वयंपाकघरात गेली.

"पूर्णिमा, मुक्ताई येणार आहेत हे मला कधी सांगणार होतीस?"

पूर्णिमाचा चेहरा पडला. "अहो ताई, ह्यांनी सांगितलं असेल असं मला वाटलं. आईला इथे एकटीला ठेवणार कसं? आणि तुम्ही असलात की आम्हाला अगदी निर्धास्त वाटतं."

तेवढ्यात आमोद ओले हात पुसत आत आला. दोघींकडे बघून त्याला काय ते कळलं.

"ताई, त्यात एवढं काय? दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. तुला सवय आहे."

"सवय आहे, आमोद. हौस नाही."

"हे बघ, माणुसकी म्हणून..."

"माणुसकी?" तिचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. "आई पडून होती तेव्हा तू येऊन चहा पिऊन जायचास. जाताना दारातून म्हणायचास, काही लागलं तर सांग. मी सांगितलं, तेव्हा तुझी मीटिंग असायची. तेव्हा कुठे होती रे माणुसकी? तीही वर्क फ्रॉम होम होती का?"

"मग काय, त्यांना टाकून जाऊ?"

"टाकू नकोस. ब्युरोतून सांभाळायला बाई घे, नाहीतर तू स्वतः उठ रात्री. सासू तुझी आहे."

"आई बाहेर बसलीये हो," पूर्णिमा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. "हळू बोला. आम्ही तुमच्यासाठीच तर ठरवलं सगळं. घरी एकट्या बसून तरी काय करणार होतात?"

"बसणार होते. तेच तर करायला येत होते मी तिकडे."

आमोदनं टॉवेल खुर्चीवर फेकला. "ठीक आहे. मग कुणीच नको जाऊया. कॅन्सल. मालकांना मी कळवतो. झालं समाधान?"

मंदाकिनीनं पर्स उचलली. बाहेर मुक्ताईंना वाकून नमस्कार केला आणि ती बस स्टॉपवर येऊन उभी राहिली. ऋतिकाचा मेसेज आला, 'आत्या, तुझ्यामुळे ट्रिप गेली यार.' तिनं उत्तर दिलं नाही. घरी येऊन ती रडली, आणि नंतर पुष्कळ दिवस आपलंच चुकलं का, याचा विचार करत राहिली. दोन-तीन दिवसच तर होते. मुक्ताई बिचाऱ्या काय वाईट होत्या? एकदा तर तिनं आमोदला फोन लावायला घेतला होता, 'जाऊ दे, जाऊया' म्हणायला. तो लागला नाही.

एप्रिल उजाडला तेव्हा मुरकरांचा फोन आला.

"ताई, तुमची माणसं नीट पोचली ना? आजींची काठी राहिली ओ केबिनमध्ये."

मंदाकिनीनं जवळची खुर्ची ओढून घेतली.

"तुम्ही का नाही आलात ओ?" मुरकर पुढे बोलतच होते. "आवाज जरा वेगळा वाटला, पण मी त्या दुसऱ्या बाईंनाच मंदाकिनीताई समजलो. ताई, ताई करत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, मी ब्युरोची. फार हसऱ्या बाई. आजींना खुर्चीसकट वाळूवर नेलं, आणि स्वतः साडी वर खोचून पाण्यात उभ्या. समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या म्हणे."

"बरं झालं," मंदाकिनी म्हणाली. ते तिच्या मनापासून आलं. मग न ठरवताच तिनं विचारलं, "मुरकर, ती केबिन मला मिळेल का? मी एकटीच येईन."



"एकट्या? तसं नव्हे, तुम्ही चांगल्या घरच्या. पण एकट्या बाईमाणसाला आम्ही देत नाही ओ. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? कुणाला तरी बरोबर घेऊन या. भावाला आणा ना."

"हो," ती म्हणाली. "काठी वाघोलीला पाठवून द्या. पत्ता भावाकडून घ्या."

मग तिनं आमोदला फोन केला. आज तो पटकन लागला.

"मुक्ताईंची काठी केबिनमध्ये राहिलीये."

 आमोद म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"मालकांनी. बुकिंगला माझाच नंबर होता. तेवढा बदलून घ्यायचा तुमच्याकडून राहिला."

"ताई, ऐक ना, पोरीचा मूड गेला होता म्हणून ऐनवेळी..."

तिनं फोन ठेवला. त्याचा पुन्हा आला नाही.

गौरी-गणपतीला ती वाघोलीला गेली नाही. न येण्याचं कारण तिथून फक्त मुक्ताईंनी फोन करून विचारलं. "पाय दुखतात हो," मंदाकिनी म्हणाली, आणि पायाला काय लावावं, किती शेकावं, हे मुक्ताई बराच वेळ तिला समजावून सांगत राहिल्या.