अर्जदाराच्या विनंतीवरून

सकाळी आठच्या सुमारास सरिता आपल्या चपला शोधत होती. दारात नेहमीच्या जागी त्या नव्हत्या. तिच्या आईने, साळूबाईंनी, त्या उचलून मागच्या पडवीत सरपणाच्या आड ठेवल्या होत्या. ओटीवर सतरंजी अंथरली होती. अकरा वाजता धाकट्या तेजश्रीला बघायला पाहुणे यायचे होते.

घर कापडे गावाच्या वरच्या अंगाला. भाताची झोडणी उरकली होती, अंगणाच्या कडेला पेंढ्याची उडवी रचली होती. पहाटेपासून सरिताच राबत होती. सारवण तिने केलं, नारळ तिने खवला, पोहे भिजवायचे तेवढे बाकी ठेवले. तेजश्रीच्या साडीच्या निऱ्याही तिनेच खाली बसून एकेक करून चापून दिल्या.

हात धुऊन ती चुलीपाशी आली तेव्हा आई म्हणाली, "तू आता निघ गो. धनगरवाडीवरनं ताक घेऊन ये."

"ताक कशाला? पोहे आनि चहाच हाय ना?"

"असू दे. लागंल."

आई चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करत राहिली. सरिताने विचारलं, "पाव्हण्यांना काय सांगितलंय?"

"आबांनी सांगितलंय. थोरली नवऱ्याकडं हाय, परदेशात."

पाहुणे यायच्या दिवशी तिला असं घराबाहेर पाठवण्याची ही तिसरी खेप होती. पहिल्या वेळी तिला मामाकडे पाठवलं होतं, दुसऱ्या वेळी ती शेजारच्या गोठ्यात दुपारपर्यंत बसून होती. तिने किटली घेतली आणि मागच्या दाराने निघाली. ओटीवर आबा, तिचे वडील महिपती, पाहुण्यांसाठी सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सात वर्षांपूर्वी सरिताचं लग्न वरंधच्या ओंकारशी झालं. मुलगा पोर्तुगालला हॉटेलात स्वयंपाकी आहे, याचं महिपतींना फार अप्रूप होतं. लग्नानंतर आठ महिने तो गावी राहिला आणि गेला. कागद झाले की तुला नेतो, म्हणाला. पहिलं वर्षभर रोज फोन यायचा. मग आठवड्याने, मग सणाला. मग तो नंबरच बंद झाला. सासरच्यांनी गणपतीला चार दिवस माहेरी जा म्हणून पाठवलं आणि पुन्हा बोलावलं नाही. त्यानंतर वर्षभराने वरंधच्याच एका बाईने मोबाइलवर फोटो दाखवला. ओंकार, त्याच्या शेजारी एक बाई, आणि त्या बाईच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल.

अशा बाईला आपल्याकडे 'टाकलेली' म्हणतात. टाकणाऱ्याला काय म्हणायचं, त्याला शब्द नाही. सरिता मंगळसूत्र घालत होती, कारण आई काढू देत नव्हती. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येई, पण ओटी भरताना बायका एकमेकींकडे पाहत. घरात चार माणसं होती आणि तिच्याशी बोलणं फक्त कामापुरतं होतं. पीठ संपलंय. गुरं सोड. लाइट बिल भरलं का.

दोन वर्षांपूर्वी ती कुणालाही न सांगता महाडला गेली होती. तिथे सुरेखाताई म्हणून एक निवृत्त शिक्षिका बायकांसाठी सल्ला केंद्र चालवतात. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुढे केला. "लाज त्याला वाटायला हवी, सरिता. तू लिही." परदेशातल्या नवऱ्याने सोडलेल्या बायकांची तक्रार दिल्लीत ऐकून घेतात, हे तिला तेव्हा कळलं. तक्रार गेली, नोंदीचा क्रमांक आला. वकिलातीमार्फत पत्त्याचा शोध सुरू आहे, अशी दोन पत्रंही घरच्या पत्त्यावर आली. पावसाळ्यापासून मात्र काहीच आलं नव्हतं. दिल्लीला आपली आठवण राहिली नसेल, असं तिने धरलं होतं.

धनगरवाडी तासाभराच्या चढावर. वरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, मोबाइलला रेंज येते. ती तिथे पोचली आणि सुरेखाताईंचा निरोप वाजला. "आज लोकसभेत तुमच्यासारख्या बायकांचा प्रश्न आहे. अकरा ते बारा. परराष्ट्रमंत्री उत्तर देणार. मोबाइलवर बघ."

तुळजाबाई घराच्या मागे शेळ्यांना पाला टाकत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, मुलं-सुना पुण्याला, वाडीतल्या सहा घरांपैकी चार बंद. त्यांनी किटलीकडे पाहिलं. "आज परत पाव्हणे हायत वाटतं?"

"हो."

"बस मग. ताक जाताना घे."

दोघी खडकावर बसल्या. मोबाइल सरिताच्या गुडघ्यावर होता. आधी खतांवर प्रश्न झाला, मग रेल्वेवर. अकरा चाळीसला अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला. चष्मा लावलेले मंत्री उठले, उत्तर पटलावर ठेवलं आहे असं म्हणाले आणि बसलेही.

"झालं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"नाय. आता ती बाई इचारंल."

पिवळ्या साडीतली एक खासदार उभी होती. ती हिंदीत विचारत होती, सरिताला सगळं समजत होतं. किती तक्रारी आल्या, किती जणांना समन्स पोचलं, किती प्रकरणं बंद झाली.

मंत्री कागद बघत शांतपणे सांगत गेले. नवरे पत्ता बदलतात. दुसऱ्या देशाच्या कायद्यापुढे आपल्या वकिलातीचे हात मर्यादित असतात. या कामासाठीच्या कक्षात काही जागा रिकाम्या आहेत, त्या मार्चपर्यंत भरू. मग त्यांनी पान उलटलं. "बंद झालेल्या प्रकरणांपैकी बरीचशी प्रकरणं अर्जदार महिलांनी स्वतः लेखी अर्ज देऊन मागे घेतली आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे. कुटुंबात समेट झाला असेल तर सरकारने मध्ये पडू नये."

बाकं वाजली. ती खासदार खाली बसली नाही. "मंत्रिमहोदय, मागे घेणाऱ्या त्या बायकांशी कुणी बोललं का? की फक्त कागद आला?"

मंत्र्यांनी मागे, अधिकाऱ्यांच्या सज्जाकडे पाहिलं. एक चिठ्ठी खाली आली. ती त्यांनी वाचली आणि क्षणभर हातातच धरून ठेवली. "अर्जावर सही आणि सोबत ओळखपत्राची प्रत असते. ती ग्राह्य धरली जाते. सन्माननीय सदस्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला आहे. यापुढे प्रकरण बंद करण्याआधी त्या महिलेशी फोनवर बोललं जाईल, असं आश्वासन मी सभागृहाला देतो."

अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला. विषय बंदरांचा होता.

"मानूस बरा वाटला," तुळजाबाई म्हणाल्या. "पन तुजं काय झालं, ते बोलला नाय."

सरिताने सुरेखाताईंना फोन लावला. "ताई, माझं प्रकरण कुठं अडकलंय, बघाल का?"

सुरेखाताईंनी नोंदीचा क्रमांक घातला. बराच वेळ नुसता कळांचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "सरिता, तू जूनमध्ये काही लिहून दिलंस का?"

"नाय."

"इथे लिहिलंय, अर्जदाराच्या विनंतीवरून बंद. पत्र जोडलंय. पाठवते, बघ."

पत्राचा फोटो आला. हिंदीत चार ओळी. आमच्यात समेट झाला आहे, मी लवकरच पतीकडे जात आहे, तरी माझी तक्रार रद्द करावी. खाली तिच्या नावाची सही, जवळपास तिच्यासारखीच. सोबत तिच्या आधार कार्डाची प्रत. ते कार्ड आबांच्या पत्र्याच्या पेटीत असतं.

ती अक्षराकडे बघत राहिली. गोल, किंचित डावीकडे झुकलेलं अक्षर. ते तिनेच पाटीवर गिरवून घेतलं होतं, तेजश्री पाच वर्षांची असताना. जूनमध्येच तेजश्रीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती.

तुळजाबाईंनी ताकाची किटली भरून आणली. सरिता उठत नव्हती. खाली दरीत गाव दिसत होतं, आपल्या घराचं कौलही दिसत होतं, आणि तिथे आता आपण कुणाच्या घरी जाणार आहोत हे तिला कळत नव्हतं. ती रडली नाही. नवऱ्याने सोडलं तेव्हा निदान आपली माणसं आपल्या बाजूला आहेत असं तिला वाटलं होतं. ते आज सकाळपर्यंत वाटत होतं.

"थांबतीस का संध्याकाळपातूर?" तुळजाबाईंनी विचारलं.

"नाय. घरी जाते."

ती पुढच्या वाटेने उतरली आणि पुढच्या दाराने आत शिरली. कशेडी घाटात ट्रक बंद पडल्यामुळे घाटापलीकडून येणारे पाहुणे दीड तास उशिरा आले होते. पोहे नुकते संपले होते. ओटीवर मुलगा शुभम, त्याची आई आणि मामा भिकाजी बसले होते. मुलगा महाडच्या एमआयडीसीत नोकरीला होता. तेजश्री समोर पाटावर होती.

"ह्या कोन?" भिकाजींनी सहज विचारलं.

महिपतींच्या हातातला अडकित्ता थांबला. साळूबाई दारातून घाईने म्हणाल्या, "शेजारची हाय. मदतीला आली."

सरिताने किटली खाली ठेवली. आईचं बोलणं ऐकून तिचा चेहरा उतरला, पण आवाज साधाच राहिला. "मी सरिता. हिची थोरली बहीन. मी परदेशात नाय. नवऱ्यानं मला सोडलंय, चार वर्सं मी हितंच ऱ्हाते. तेजश्रीत काय खोट नाय. शिकलेली हाय, गुनाची हाय. पन तुमच्यापासून लपवून तिचं लगीन नको."

शुभमने तेजश्रीकडे पाहिलं, मग आईकडे. त्याच्या आईने पदर सावरला. भिकाजी चहा न संपवता उठले. "कळवतो," म्हणाले. त्यांनी कळवलं नाही.

गाडी गेल्यावर महिपती खालच्या आवाजात म्हणाले, "बहिनीचं वाटोळं केलंस."

"आबा, माझ्या नावानं पत्र कुनी लिहिलं?"

ते उठून मागे गुरांकडे गेले. साळूबाईंनी कपबशा गोळा केल्या. तेजश्री पाटावरच बसून होती, भरल्या बांगड्यांचे हात मांडीवर ठेवून. शेवटी ती म्हणाली, "आबांनी सांगितलं. मी लिहिलं. ताई, मला वाटलं, तुझं तसंही काय व्हायचं नाय."

'तसंही' हा शब्द पुढे कितीतरी दिवस सरिताबरोबर राहिला.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने महाडला गेली. सुरेखाताईंच्या टेबलाशी बसून तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, जूनचं पत्र माझं नाही, माझी तक्रार उघडावी. तो कागद दिल्लीला गेला. परत आल्यावर घरात तिचं ताट वाढून झाकून ठेवलेलं असायचं, पण तिच्याबरोबर कुणी जेवायला बसत नव्हतं. आई निरोप तेजश्रीच्या तोंडून द्यायची. वाटेत बायका भेटल्या की बोलत बोलत गप्प व्हायच्या. सरिता गुरं सोडायची, दुपारी सड्यावर जाऊन बसायची, संध्याकाळी उतरायची. तुळजाबाई फारसं काही विचारत नसत. त्याचा तिला आधार होता.

जानेवारीत तक्रार पुन्हा उघडल्याचं दिल्लीचं पत्र घरी आलं, तेव्हा महिपतींनी कोरा कागद आणून तेजश्रीपुढे ठेवला. "लिव. आधीसारखंच."

तेजश्रीने पेनाचं टोपण काढलं, आणि पुन्हा लावलं. "मी नाय लिहायची, आबा."

त्यांनी कागद उचलून नेला. दोन दिवसांनी ते पोलादपूरला जाऊन पत्र टाइप करून आले. सही त्यांनी स्वतःच केली. ते दुष्ट नव्हते. थोरलीचं झाकल्याशिवाय धाकटीचं उजवायचं नाही, एवढंच त्यांना आयुष्याने शिकवलं होतं, आणि हा धडा त्यांना देणारं सगळं गाव त्यांच्या आजूबाजूला शहाण्यासारखं नांदत होतं. तेजश्रीने हे सरिताला सांगितलं नाही. दोघींत अजून तेवढं बोलणं सुरू झालं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी अंगणात सरिताचा मोबाइल वाजला. क्रमांक दिल्लीचा होता. गावात रेंज धड नसते, पण त्या दिवशी होती. महिपती कुंपणाच्या वईच्या काठ्या बांधत होते, साळूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या, तेजश्री कपडे वाळत घालत होती.

एका बाईचा आवाज होता, तरुण, थोडा घाईतला. तिने मोडक्यातोडक्या मराठीत सरिताचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, लग्नाचं गाव विचारलं. मग म्हणाली, "आपली तक्रार मागे घेण्याचं एक पत्र आम्हाला आलं आहे. बंद करण्यापूर्वी आपल्याशी बोलायचा नियम झाला आहे. आपण एकट्या आहात का? मोकळेपणी बोलू शकता?"

सरिताने समोर पाहिलं. महिपतींच्या हातातली काठी तशीच राहिली होती. साळूबाईंची बोटं सुपात थांबली होती. तेजश्री दोरीपाशी ओला कपडा धरून उभी होती, पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

"नाय," सरिता म्हणाली. "एकटी नाय. माझी सगळी मानसं हितं हायत. पन मी बोलते."

"मग, आपण तक्रार मागे घेत आहात का?"

"नाय. ते पत्र माझं नाय. मी मागं घेत नाय."

पलीकडे कळा वाजल्या. ती बाई म्हणाली, "मी तसं लिहिते. आपण पुन्हा एकदा सांगाल?"

सरिताने पुन्हा सांगितलं. या वेळी थोडं मोठ्याने, शेजारच्या दोन्ही घरांना ऐकू जाईल असं.