मैनाबाईचा विळा

मित्रांनो, धान कापणारा मी एक जुना विळा आहे. उमरेडच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धावेच्या तुकड्यातून मला घडवले आणि बाजारात मैनाबाईने पारखून घेतले. ती भूमिहीन मजूर. तिच्या मुठीत मी असलो की पेंढ्यांमागून पेंढ्या पडत. सोबतची चंद्रकला म्हणे, "मैनाबाई, तुहा इळा गाते वं!" मी सुखावून जाई.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी गावात नव्या तलावाचे पाणी आले. भैयाजी पाटलांच्या शेतात धान दुपटीने पिकू लागले, त्यांच्या घरावर माडी चढली. मैनाबाईच्या चुलीवर मात्र तीच पातळ पेज.

एका कापणीला बाया बांधावर बसून राहिल्या. मैनाबाईने विचारले, "धान दुप्पट झालं जी, मग आमची मजुरी काहून नाही वाढत?"

"पाणी सरकारनं देल्लं, तुह्या बापानं नाही!" भैयाजी गरजले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या गावातून लाठीवाले आणले. बाया उठेनात, तेव्हा लाठ्या पडू लागल्या. चंद्रकलेचे डोके फुटले, ती कोसळली. रुपराव नावाच्या लाठीवाल्याने तिच्यावर पुन्हा लाठी उगारली, तोच मैनाबाई धावली. मी लकाकलो आणि त्याच्या मनगटात रुतलो. गरम रक्त माझ्या पात्यावरून मुठीपर्यंत ओघळले. पाते हाडावर घासल्याचा तसा आवाज धान कापताना मी कधीच ऐकला नव्हता.

"मीबी मजूरच आहो वं बाई," तो विव्हळला. "घरी तांदूळ नाही, म्हणून आलो."

मैनाबाईने मला फेकून दिले आणि पदर फाडून त्याचे मनगट आवळले. ते पाहून बाकीच्यांच्या लाठ्या खाली आल्या.

चंद्रकला दवाखान्याच्या वाटेतच गेली. मैनाबाईला नागपूरच्या तुरुंगात नेले, मी पुरावा म्हणून पोलिसांच्या कोठारात गंजत पडलो. इकडे एकाही बाईने शेतात पाय ठेवला नाही. उभे धान झडू लागले, तेव्हा कुठे भैयाजींनी मजुरी वाढवली.

सुटून आल्यावर मैनाबाईने मला परत आणले, घासूनपुसून धार लावली. पण हातात धरताच तिने मला खाली ठेवले. रुपरावचा हात कायमचा निकामी झाला होता, त्याची बायको आता कापणीला येई. मैनाबाईने मला तिच्या हाती दिले. "घे वं. मले नाही धरवत."

तिच्या हातात मी झिजेपर्यंत राबलो. आता कुडात खोचलेला आहे.

मित्रांनो, आम्हा अवजारांना तेल द्या, कोरडे ठेवा. आणि पिकातला आपला वाटा कोणी मागायला आले, तर लाठी शोधण्याआधी त्याचे ऐकून घ्या. चंद्रकला फक्त मागायलाच आली होती.