हा विराम कोण?

आमच्या पटकथेच्या वर्गात एक जाचक नियम आहे: ज्याची पटकथा, त्याने तोंडाला कुलूप लावायचं. वाचतात दुसरे, चुका काढतात दुसरे, लिहिणाऱ्याने फक्त टिपून घ्यायचं. आणि मला घरात टकळी म्हणतात. आता विचार करा!

वर्ग वाचनालयाच्या माडीवर भरतो, दर रविवारी. शिकवणाऱ्या बाई पूर्वी सिनेमांचं संकलन करायच्या. आमचीही पानंच्या पानं उडवतात, म्हणून आम्ही त्यांना कात्रीबाई म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे. दहा पटकथांपैकी एकीचाच लघुपट होणार होता, आणि तो माझाच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

माझी गोष्टच तशी होती. दोन भावांचं चष्म्यांचं दुकान. पुढे धाकटा डोळे तपासतो, मागे थोरला मशीनवर काचा घासतो. एकदा धाकटा गिऱ्हाइकाला म्हणतो, "दादाला हल्ली बारीक दिसत नाही." ते थोरल्याच्या कानावर जातं, आणि दोन महिने अबोला! माझे बाबा आणि काका, जसेच्या तसे. शेवट तेवढा माझा: दीड पान रडारड आणि गळाभेट.

थोरल्याचे संवाद ढगोबाने वाचले. हा मुलगा कायम ढगात. कंसातलं वाचायचं नसतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. भाऊ बोलता बोलता थांबतात तिथे मी कंसात 'विराम' लिहिलं होतं. हा दर वेळी खड्या आवाजात "विराम!" म्हणायचा. वाचून झाल्यावर डोकं खाजवत म्हणाला, "गोष्ट भारी आहे गं. पण हा विराम कोण? थोरला त्याला सारख्या हाका मारतो, तो एकदाही ओ देत नाही. बहिरा आहे का?"

वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मी तोंड उघडलं, तर कात्रीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"प्रश्न चांगला आहे," त्या म्हणाल्या. "दुकानात तिसरं कुणीतरी गप्प बसलंय, असं मलाही वाटलं. मशीनच्या घरघरीत मागे काही ऐकू येत नाही, हे तूच पहिल्या पानावर लिहिलंयस. मग थोरल्याच्या कानावर गेलं कसं? सांगितलं कुणी?"

माझी पेन्सिल थांबली.

मी सांगितलं होतं. शाळेतून आल्या आल्या, मान वाकडी करून, काकाची हुबेहूब नक्कल करत. बाबा हसतील असं वाटलं होतं. त्यांनी मशीन बंद केलं आणि किती तरी वेळ हातच पुसत राहिले. काका अजून समजतो, गिऱ्हाइकाने चहाडी केली. आणि पटकथेत मी नामानिराळी!

"पुढच्या रविवारपर्यंत ते तिसरं माणूस आण," कात्रीबाई म्हणाल्या.

लिहायला दोन दिवस पुरले. पण निवड झाली तर चित्रीकरण आमच्याच दुकानात व्हायचं, म्हणजे दोघांना वाचून दाखवणं आलं. नाही दाखवलं तर लघुपट गेला. दाखवलं तर मी गेले. शुक्रवारी शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडताच मी पानं काढली. "बाबांनी बाबांचे संवाद वाचायचे, काकाने काकाचे."

"तुझ्या काकाला विचार, वेळ आहे का."

"दादाला सांग, पाच मिनिटं आहेत."

दोघांमध्ये चार हातांचंही अंतर नव्हतं!

बाबांनी पान हातभर लांब धरलं. काकाने ते पाहिलं आणि नजर वळवली. मग मुलीचा संवाद आला. तो मीच वाचला, कसलीही नक्कल न करता. "बाबा, काका त्या गिऱ्हाइकाला सांगत होता, दादाला बारीक दिसत नाही."

"तू होतीस होय!" काका म्हणाला. "आणि मी त्या बिचाऱ्याला दोन महिने मनातल्या मनात शिव्या घालतोय!"

"चुकलं माझं."

"तिला कशाला बोलतोस?" बाबा म्हणाले. थेट काकाला, मला मध्ये न घालता. "म्हणालास तर तूच."

"म्हणालो. तुला सांगायला हवं होतं, परक्याला नाही." काकाने पानाची घडी घातली, उलगडली. "तीन काचा मी बाहेरून परत घासून आणल्या, दादा. तुला कळू दिलं नाही."

माझ्या जिभेवर शंभर वाक्यं आली. सगळी गिळली.

बाबा उठले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. "लाव दिवा."

काकाने त्यांच्या हातात बारीक अक्षरांचं कार्ड दिलं. बाबांनी वरच्या ओळी फाडफाड वाचल्या. तळाशी अडखळले. "पाणी... मर."

"भर, दादा. पाणी भर."

कुणीच हसलं नाही. मग बाबांनाच हसू फुटलं. "मला वाटलं, तूच छापून घेतलंस!"

"'मर' तर दोन महिने मनात तूच मला म्हणत असशील," काका म्हणाला, आणि डोळे पुसत काचांच्या पेटीत बोटं फिरवू लागला.

"यातलं हवं ते घाल गं सिनेमात," बाबा मला म्हणाले. "तेवढं 'मर' नको."

"तेच तर घालणार!"

"बघ रे हिच्याकडे," बाबा वळून म्हणाले.

"मान सरळ ठेव, दादा," काका म्हणाला.