थंडोबाचं शीर्षासन

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे आणि माझ्या पोटाखाली दिवा जळतो. हसू नका! मी विजेवर नाही, रॉकेलवर चालतो. खाली वात पेटते, तिची ऊब मागच्या नळ्यांतून चढते आणि माझ्या पोटात बर्फ होतो. हे कसं घडतं ते मलाही धड सांगता यायचं नाही. पण चाळीस वर्षं ते रोज घडत आलं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी दुधासारखा पांढरा होतो. आधी जहाज, मग ट्रक आणि शेवटी आठ माणसांचे खांदे, असा प्रवास करून मी एका मिशनच्या दवाखान्यात पोचलो. तिथे एक प्रार्थनाघर, एक शाळा, एक मोठं स्वयंपाकघर आणि तीन खोल्यांचा हा दवाखाना होता. विजेचा पत्ता नव्हता. पहिल्याच दिवशी स्वयंपाक करणाऱ्या मावशी मला बघायला आल्या. खाली ज्योत आणि वर बर्फ पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! विस्तवावर बर्फ!" त्यांनीच माझं नाव थंडोबा ठेवलं. मला ते अजिबात आवडलं नव्हतं, पण ते चिकटलं ते चिकटलंच.

पुढे बऱ्याच वर्षांनी समुद्र ओलांडून एक जोडपं मिशनच्या कामाला आलं. बायको नर्स, नवरा मिस्त्री. नर्सबाई रोज सकाळी स्वतः माझी वात कापत, रॉकेल भरत, काच पुसत. माझ्या वरच्या कप्प्यात मुलांच्या लसी असत. खालच्या कप्प्यात दोन इवल्याशा बाटल्या होत्या. बाळंतिणीचं रक्त थांबवणारं औषध होतं ते. ते थंड राहिलं नाही, तर त्याचा गुण जातो. त्या वर्षी त्या बाटल्यांकडे सगळ्यांचं लक्ष होतं, कारण मावशींच्या सुनेचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला ती रक्त जाऊन मरता मरता वाचली होती. शहरातला मोठा दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर होता.

त्यातच मिशनला मोठे पाहुणे भेट देणार असं कळलं. झाली धावपळ सुरू! भिंतींना चुना लावायचा म्हणून नर्सबाईंनी मला स्वतः ढकलून बाजूला केलं. मी डुगडुगायला लागलो, तेव्हा माझ्या एका पायाखाली त्यांनी वीट सारली. पाहुणे आले, भिंतींचं कौतुक करून गेले. मी मात्र तिरका तो तिरकाच राहिलो. माझ्यासारख्याला वाकडं उभं राहणं सोसत नाही हो, आतलं सगळं अडून बसतं. चौथ्या दिवशी माझ्या ट्रेमध्ये नुसतं पाणी होतं.

"अहो, लवकर या!" नर्सबाईंनी मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्रींनी वात बदलली, नळी साफ केली, खालीवर सगळं तपासलं. काही उपयोग झाला नाही. नवं औषध ट्रकने यायला पंधरा दिवस लागणार होते. आणि तेवढ्यात नर्सबाईंना ती वीट दिसली.

"ही मीच ठेवली," त्या म्हणाल्या आणि जमिनीवर बसून रडायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मला त्यांच्याइतकं कुणी जपलं नव्हतं.

मिशनचे पाद्रीबाबा आले. त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, उठले आणि बाह्या सरसावून म्हणाले, "हं, आता काय उचलायचं ते सांगा."

मिस्त्री पुन्हा नळ्या चाचपू लागले. उपाय सुचवला तो मावशींनी. "पाकाची बाटली तुंबली की मी ती उलटी करून ठेवते. याला करून बघा की उलटा!"

मिस्त्री हसले. मग एकदम हसायचे थांबले. "अगं, मावशी बरोबर बोलताहेत," ते बायकोला म्हणाले. "याच्या नळ्यांतही पातळ द्रवच आहे. तिरकं राहून तेच कुठेतरी अडलंय, नुसतं सरळ करून सुटायचं नाही."

मग काय विचारता! वात विझवली, मला रिकामं केलं आणि चौघांनी धरून चक्क डोक्यावर उभं केलं. माझी काय शोभा झाली म्हणून सांगू! शाळा सुटल्यावर सगळी पोरं मला बघायला आली. लसी आणि त्या दोन बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या घागरीत ठेवल्या होत्या. घागरीपाशी सूनबाई स्वतः बसली आणि सारखं पाणी शिंपडत राहिली. कुणी उठवायला गेलं की म्हणे, "माझंच औषध आहे, मीच राखणार."

थोड्या वेळाने माझ्या पोटात गुडगुड झालं. कधी नव्हे एवढं हलकं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मला सरळ केलं. नर्सबाईंनी माझ्या डोक्यावर पाण्याची वाटी ठेवली आणि चारी बाजूंनी पाणी सारखं दिसेपर्यंत माझे पाय नीट बसवले. मग वात पेटवली. संध्याकाळी त्यांनी भीत भीत ट्रेमध्ये बोट घातलं. पाण्यावर सायीएवढा बर्फ धरला होता! मिस्त्रींनी तिथेच माझ्या पाठीवर थाप मारली. बाटल्या आपल्या जागी आल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी सूनबाईला कळा सुरू झाल्या. बाळाचं रडणं मी भिंतीपलीकडून ऐकलं. पाठोपाठ नर्सबाई धावत आल्या, एक बाटली घेतली आणि तशाच पळाल्या. मग कितीतरी वेळ नुसती पावलांची धावपळ ऐकू येत होती. मी आपला गार राहत होतो. दुसरं करणार तरी काय?

शेवटी मावशी आल्या. माझ्या दाराला कपाळ टेकून हुंदका देत म्हणाल्या, "थांबलं रे थंडोबा, रक्त थांबलं. नात झाली मला!"

हे प्रार्थनेने झालं की उलटं केल्याने, यावर पुढे बरीच चर्चा झाली. पाद्रीबाबा म्हणत, "मावशींना सुचलं, तेव्हाच प्रार्थना ऐकली गेली."

आता दवाखान्यात सूर्याच्या उन्हावर चालणारा नवा फ्रीज आला आहे. माझा रंग उडालाय, दार करकरतं. मला भंगारात काढायचं ठरलं होतं, पण मावशी कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. म्हणून मी आज स्वयंपाकघरात दूध सांभाळतो.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू बंद पडली, तर टाकून देण्याआधी तिच्या पायाखाली जरा वाकून बघा. कोण जाणे, तिथे आपणच ठेवलेली वीट असेल.

माझी काळजी तुम्ही करू नका. मावशींची नात आता नऊ वर्षांची आहे. रोज सकाळी ती स्टुलावर चढून माझ्या डोक्यावर पाण्याची वाटी ठेवते आणि एक डोळा मिटून बघते.

"सरळ आहेस हं, थंडोबा," असं म्हणते आणि शाळेत पळते.